नव्याने रुजू झालेल्यांनो, आधी रकाना वाचा

प्रति,
राज्यातील नगरपालिका, महसूल, पोलीस व नोंदणी कार्यालयांत नव्याने रुजू झालेले सर्व लिपिक, तलाठी व अधिकारी

विषय : जर्मनीतील सन १९३३ ते १९४५ या काळातील कार्यालयीन कामकाजाबाबत.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की... असंच पुढे लिहीत जाण्याचा मोह आवरतो. उभी हयात नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत गेली, हात आपोआप तसा वळतो. तुम्ही नुकतेच रुजू झालात, त्याबद्दल आधी अभिनंदन. अभ्यासिकेत खुर्च्या झिजवून, निकालाची आणि मग नियुक्तीपत्राची वाट पाहून हे टेबल मिळालंय, याची कल्पना आहे.

परीक्षेसाठी तुम्ही जर्मनी वाचलेली असणार. व्हर्सायचा तह, महामंदी, ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर, साठ लाख ज्यूंची हत्या, १९४५ ला शेवट. नोट्समध्ये दीड पान. त्या दीड पानात गणवेश आहेत, भाषणं आहेत, छावण्या आहेत. कार्यालय मात्र कुठेच नाही. नस्ती नाही, शिक्का नाही, आवक-जावक नाही. मी निवृत्तीनंतर या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेलो आणि मला जिथे तिथे तेच दिसत राहिलं. म्हणून हे पत्र.

चहाच्या टपरीवर 'या देशाला हुकूमशहाच पाहिजे' म्हणणारे तुम्हाला भेटतील, कार्यालयातही भेटतील. फूटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र यशस्वी होण्याच्या मंत्रांच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, तेही पाहिलं असेल. त्यावर मी वाद घालत बसत नाही. मला टेबलाबद्दल बोलायचंय.

१९३३ साली जर्मनीत ज्यू होते साधारण पाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. त्यातले कितीतरी इतके मिसळून गेलेले की शेजाऱ्यालाही सांगितल्याशिवाय कळू नये. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेले, पदकं मिळवलेले. मग रस्त्यावरच्या गुंडाने त्यांना ओळखायचं कसं? दुकानावरची पाटी सोडली तर त्याला ओळखता येतच नव्हतं. माणूस निवडून वेगळा काढायचं काम आपल्या लोकांनी केलं. आपल्या म्हणजे कारकुनांनी.

सुरुवातही आपल्याच घरापासून झाली. ७ एप्रिल १९३३ ला कायदा आला, 'व्यावसायिक नागरी सेवेच्या पुनर्स्थापनेचा कायदा'. नाव बघा किती सोज्वळ. त्याखाली 'अनार्य' कर्मचाऱ्यांना घरी बसवायचं होतं. चारच दिवसांनी नियम निघाला की आजी-आजोबांपैकी एक जण जरी ज्यू असला तरी माणूस अनार्य धरावा. झालं, प्रत्येक कर्मचाऱ्याला आजी-आजोबांचे दाखले आणणं भाग पडलं. जर्मनीत देशभर एकसारखी नागरी नोंदणी सुरू झाली ती १ जानेवारी १८७६ पासून. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद चर्चच्या दप्तरात. त्यामुळे नोंदणी कार्यालयांकडे आणि पाद्र्यांकडे अर्जांचा पाऊस पडला. दाखल्यांना मागणी आली की आपल्या खात्याला कसा चेव येतो, हे मी जवळून पाहिलंय : जादा टेबल लागतं, नवं प्रपत्र छापलं जातं, साहेब बैठका घेतात. तिथे तर वंशावळीच्या छापील पुस्तिकाच निघाल्या. त्या टेबलांवर कोणी कोणाला मारलं नाही. काम वाढलं, इतकंच.

मग १५ सप्टेंबर १९३५ चे न्यूरेम्बर्ग कायदे. ज्यूंचं नागरिकत्व दुय्यम झालं, ज्यू आणि इतर जर्मनांमधले विवाह बंद झाले. पण ज्यू म्हणजे नेमका कोण? ही व्याख्या १४ नोव्हेंबरच्या पूरक आदेशात आली : ज्याचे तीन किंवा चारही आजी-आजोबा ज्यू, तो ज्यू. आणि आजोबा ज्यू होते हे ठरवायचं कशावरून? ते ज्यू धर्मसंस्थेचे सभासद होते की नाही, यावरून. रक्त, वंश, कवटीची मापं यांचा एवढा डंका पिटला, आणि शेवटी सगळा डोलारा उभा राहिला धर्माच्या रकान्यावर! रक्त तपासून त्यांना काहीही सापडलं नसतं. रजिस्टर तपासून सापडलं. या कायद्यांवर गृहखात्यातल्या हान्स ग्लोब्के नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठासोबत भाष्य लिहिलं. कोणत्या कलमाचा अर्थ कसा लावायचा, याचं मार्गदर्शन. हे नाव लक्षात ठेवा.

१९३८ च्या ऑगस्टमध्ये नावांचा आदेश निघाला. ज्या ज्यूंची नावं ऐकून ज्यू वाटत नाहीत, त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून पुरुषांनी 'इस्राएल' आणि बायकांनी 'सारा' हे जादा नाव लावायचं, आणि जिथे आपला जन्म नोंदलाय त्या कार्यालयाला तसं स्वतःच कळवायचं. बर्लिनला लेकीकडे गेलो होतो तेव्हा एका प्रदर्शनात अशा एका जन्मनोंदीची प्रत पाहायला मिळाली. भाषा कळत नव्हती, जावई वाचून दाखवत होता, पण नोंदवही कळायला भाषा कशाला लागते? मधोमध मूळ नोंद, जुन्या वळणदार अक्षरात. समासात १९३९ ची टीप : सदर व्यक्तीने 'इस्राएल' हे अतिरिक्त नाव धारण केले आहे. तारीख, सही, शिक्का. तिच्याखाली युद्धानंतरची दुसरी टीप : वरील टीप रद्द. पुन्हा तारीख, सही, शिक्का. दोन्ही टिपा सुवाच्य, कुठे खाडाखोड नाही. आमच्या तपासणी अधिकाऱ्याने शाबासकी दिली असती. ती दुसरी टीप लिहिली गेली तेव्हा तो माणूस जिवंत होता का, हे त्या पानावरून कळत नव्हतं. त्यासाठी वेगळं रजिस्टर असतं.

(आपल्या अलिबाग-पेण पट्ट्यातल्या बेने इस्राएल मंडळींची आडनावं आठवा : पेणकर, रोहेकर, किहीमकर. गावावरून पडलेली, शेजारच्या हिंदू-मुसलमानांसारखीच. आडनावावरून धर्म ओळखता येत नाही म्हणून इथल्या कुठल्या सरकारचं कधी काही अडलं नाही.)

आता माझ्या खास विषयाकडे येतो, मृत्यूच्या दाखल्याकडे.

१९३९ च्या अखेरीला जर्मनीतल्या मनोरुग्णालयांना एक प्रपत्र गेलं. रुग्णाचं नाव, वंश, आजार, किती वर्षं दाखल, भेटायला कोण येतं, काम काय करू शकतो. प्रपत्र कशासाठी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काही संस्थांच्या प्रमुखांना वाटलं, युद्धासाठी मजूर हवे असतील, आपली कामाची माणसं पळवतील. म्हणून त्यांनी चांगल्या धडधाकट रुग्णांपुढेही 'कामास अक्षम' असं लिहून दिलं. वाचवायला गेले आणि तेच लिहून मारलं. कारण ती प्रपत्रं बर्लिनला टियरगार्टन रस्त्यावरच्या चार नंबरच्या बंगल्याच्या कारभारात जात होती. तिथून ती तीन-तीन तज्ज्ञांकडे फिरत. रुग्णाला न पाहता, कागद पाहून, तज्ज्ञ एका चौकटीत खूण करत : लाल अधिक म्हणजे मारायचा, निळी वजा म्हणजे राहू द्यायचा. ऑगस्ट १९४१ पर्यंत सहा केंद्रांत ७०,००० हून अधिक माणसं विषारी वायूने मारली गेली. गॅस चेंबर आधी यांच्यासाठी बांधले. ज्यूंसाठी पोलंडमध्ये ते उभारले गेले तेव्हा हीच अनुभवी माणसं तिकडे पाठवली.

आणि या प्रत्येक केंद्रात एक खास नोंदणी कार्यालय होतं. काम एकच : खोटे मृत्यूचे दाखले. कारण खोटं, तारीख खोटी, बऱ्याचदा ठिकाणही खोटं. तारीख पुढची टाकायची, म्हणजे मेलेल्या माणसाच्या देखभालीचा खर्च तेवढे दिवस वसूल करता येतो. एकाच गावात एकाच आठवड्यात जास्त दाखले जाऊ नयेत म्हणून नकाशावर टाचण्या टोचलेल्या. हे कोणी माथेफिरूने केलेलं नाही. हे आपल्यासारख्या टापटीप माणसाचं काम आहे. तरी चुका झाल्याच. ज्याचं अपेंडिक्स केव्हाच काढून टाकलेलं, त्याच्या घरी दाखला गेला अपेंडिक्सने मृत्यू झाल्याचा. लोक कुजबुजू लागले. ३ ऑगस्ट १९४१ ला म्युन्स्टरच्या बिशप फॉन गालेन यांनी भर प्रवचनात याला खून म्हटलं. त्याच महिन्यात हिटलरने गॅसने मारणं थांबवायला सांगितलं. उपाशी ठेवून आणि औषधांचे जादा डोस देऊन मारणं नंतरही चालू राहिलं, पण उघड बोललं गेल्यावर हुकूमशहालाही आपली पद्धत बदलावी लागली, हे विसरू नका.

त्याआधी वर्षभर, ब्रांडेनबुर्गमध्ये लोथार क्रायसिग नावाचा एक न्यायाधीश होता. मोठा नव्हे. वेडसर, अपंग, ज्यांना कोणी वाली नाही अशांच्या पालकत्वाची प्रकरणं पाहणारा. त्याच्या ताब्यातल्या माणसांच्या मृत्यूची पत्रकं एकामागोमाग एक यायला लागली. दुसरा कोणी असता तर 'नस्ती बंद' असा शेरा मारून मोकळा झाला असता. कामही कमी झालं असतं. क्रायसिगने पत्रकं एकाशेजारी एक ठेवून वाचली. जुलै १९४० मध्ये त्याने न्यायमंत्र्याला लिहिलं की माझ्या पाल्यांना मारलं जातंय. संस्थांना लेखी बजावलं की माझ्या संमतीशिवाय माझा एकही पाल्य हलवायचा नाही. आणि हिटलरच्या कचेरीच्या प्रमुखाविरुद्ध, फिलिप बोउलरविरुद्ध, खुनाची रीतसर तक्रार दिली. न्यायमंत्री ग्युर्टनर यांनी बोलावून घेतलं आणि या सगळ्याला आधार असलेला कागद दाखवला.

तो कागद कोणता होता? कायदा नव्हे, राजपत्रातली अधिसूचना नव्हे, परिपत्रकसुद्धा नव्हे. हिटलरच्या खाजगी लेटरहेडवरच्या मोजक्या ओळी. सही ऑक्टोबर १९३९ मधली, तारीख टाकलेली १ सप्टेंबर १९३९, म्हणजे युद्ध सुरू झाल्याची. मागची तारीख! ७०,००० माणसांच्या मृत्यूची नस्ती एका मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर उभी होती. क्रायसिग म्हणाला, फ्युररच्या, म्हणजे हिटलरच्या, शब्दाने कायदा होत नाही. त्यावर त्याला सांगण्यात आलं की फ्युररची इच्छा हाच कायद्याचा उगम, हे मान्य नसेल तर न्यायाधीश राहता येणार नाही. तो राहिला नाही. आधी सक्तीची रजा, मग १९४२ मध्ये सक्तीची सेवानिवृत्ती. तो आपल्या शेतीवर गेला आणि १९८६ पर्यंत जगला.

मागच्या तारखेवरून दुसरा माणूस आठवतो. स्वित्झर्लंडच्या सेंट गालेन इथला पोलीस प्रमुख पॉल ग्रूनिंगर. १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया हिटलरने गिळला, तिथले ज्यू जीव मुठीत धरून स्विस सीमेकडे धावले. ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडने सीमा बंद केली. वर जर्मनांकडे तगादा लावला की ज्यू ओळखू येईल असं काहीतरी पासपोर्टवर करा, आणि त्या वाटाघाटींतून ऑक्टोबर १९३८ मध्ये ज्यूंच्या पासपोर्टवर लाल रंगाचा 'जे' उमटला. हुकूमशाही शेजारच्या घरात असली तरी शिक्का कोणाच्या सोयीसाठी बनतो बघा. ग्रूनिंगरने काय केलं? सीमा बंद झाल्यानंतर आलेल्यांच्या कागदांवर आधीची तारीख घातली. दाखल दिनांक : बंदीपूर्वीचा. एवढंच. शेकडो माणसं वाचली. काहींच्या हिशेबाने तीन हजारांवर. १९३९ मध्ये त्याला बडतर्फ केलं, निवृत्तिवेतन गेलं, १९४० मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. पुढे मिळेल ते काम करत तो जगला आणि १९७२ मध्ये गरिबीत गेला. त्याच्यावरचा निकाल कोर्टाने फिरवला १९९५ मध्ये.

मागची तारीख टाकणं हा आपल्याकडे विभागीय चौकशीचा विषय आहे आणि तो तसाच असावा. मी स्वतः कधी टाकली नाही, टाकू दिली नाही, त्यापायी नगरसेवकांच्या शिव्या खाल्ल्या. तरी सांगतो, माझ्या सगळ्या बिनचूक तारखा त्या ग्रूनिंगरच्या खोट्या तारखांवरून ओवाळून टाकाव्यात.

आणखी एक गोष्ट तुम्हाला नोट्समध्ये मिळणार नाही. सगळी रजिस्टरं हुकूमशहाने उघडलेली नव्हती. सिंती आणि रोमा लोक, ज्यांना युरोप जिप्सी म्हणतो आणि ज्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्या उत्तर भारतातून गेले, त्यांची नोंद ठेवणारी कचेरी म्युनिक पोलिसांनी १८९९ मध्येच उघडली होती. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्याच बव्हेरिया प्रांतात, १९२६ साली, लोकनियुक्त सरकार असताना, त्यांच्याविरुद्ध कायदा झाला. समलैंगिक पुरुषांच्या याद्याही पोलिसांकडे आधीपासून होत्या, त्यांना गुन्हेगार ठरवणारं कलम १७५ तर १८७१ पासूनचं. नाझींना फक्त कपाट उघडायचे कष्ट पडले. रोमांच्या मृत्यूंचा अंदाज अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातो. पोलंडमधल्या आउश्विट्झ छावणीत त्यांची कुटुंबंच्या कुटुंबं एका विभागात ठेवली होती. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथे उरलेल्या चार हजारांहून अधिक जणांना, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना, मारून तो विभाग रिकामा केला. आणि युद्धानंतर? १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९४३ पूर्वी रोमांवर झालेली कारवाई वंशद्वेषाची नव्हे, गुन्हेगारी रोखण्याची होती. त्यांची भरपाई अडली. नरसंहार म्हणून सरकारी मान्यता यायला १९८२ उजाडलं.

इथे सोलापूरकरांच्या डोळ्यांसमोर सेटलमेंट आली असेल. १८७१ चाच इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा, तारेचं कुंपण, रोजची हजेरी, जन्माला आलेलं पोर आधीच संशयित. दोन्हींचा शेवट एकसारखा झाला नाही, ३१ ऑगस्ट १९५२ ला आपल्याकडे कुंपण सुटलं, म्हणून दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका. पण पारधी वस्तीवर आजही पहिली धाड का पडते, हे समजायला जुनं रजिस्टर उघडावं लागतं.

रजिस्टर किती घातक ठरू शकतं, हे जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या हॉलंडने पाहिलं. तिथले बाबू कार्यक्षम आणि प्रामाणिक. याकोब लेंट्स नावाच्या लोकसंख्या नोंदणी अधिकाऱ्याने असं ओळखपत्र बनवलं की नक्कल करणं जवळपास अशक्य. त्याला ज्यूंचा द्वेष होता असं नाही, त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. हॉलंडमधल्या ज्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मारले गेले. शेजारच्या फ्रान्समध्ये हे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांश होतं. यामागे भूगोल आहे, जर्मनांचा तिथला कडक अंमल आहे, पण नीटनेटकं दप्तरही आहे. २७ मार्च १९४३ च्या रात्री पोलिसांचे गणवेश घालून काही जणांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं. त्यांचा एक म्होरक्या विलेम आरोंडेयस, चित्रकार, समलैंगिक. बारा जणांना १ जुलैला गोळ्या घातल्या. कार्ड मोठ्या गठ्ठ्यांनी आवळून ठेवलेली असल्याने ती नीट पेटलीही नाहीत. सगळ्यांतली थोडीच नष्ट झाली. आयुष्यभर दप्तर वाळवीपासून जपलेल्या मला ते दप्तर पुरतं जळायला हवं होतं असं वाटतं, हे लिहिताना हात जरा अडखळतो, पण वाटतं.

बाकीचं भराभर सांगतो. हद्दपार होणाऱ्या ज्यूला मालमत्तेचं सोळा पानी विवरणपत्र भरावं लागे, पलंग, गाद्या, चमचे, पाकिटातले पैसे. २५ नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाने देशाची हद्द ओलांडताच त्याचं नागरिकत्व आणि मालमत्ता दोन्ही आपोआप सरकारजमा. आगगाडीने नेलं तर रेल्वे भाडं लावी, तिसऱ्या वर्गाचं, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चारच्या खाली मोफत. घरातलं सामान वित्त खात्याने लिलावात काढलं आणि शेजाऱ्यांनी बोली लावली. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनमधल्या व्हानझे तळ्याकाठच्या बंगल्यात युरोपभरच्या ज्यूंच्या हत्येचं काम खात्याखात्यांत जुळवून घेण्यासाठी बैठक झाली, पंधरा उपस्थित, निम्म्याहून अधिक डॉक्टरेटवाले, इतिवृत्त हद्दपारीचं काम पाहणाऱ्या आइखमान नावाच्या अधिकाऱ्याकडे. तुम्ही इतिवृत्तं लिहाल तेव्हा आठवेल.

जे पळून मुंबईला पोचले, त्यांचं काय झालं तेही पाहा. आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती धून ज्याच्या नावावर आहे, तो वॉल्टर कॉफमन असाच १९३४ मध्ये मुंबईत आलेला. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इथल्या इंग्रज सरकारने जर्मन ज्यूंनाही 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' म्हणून ताब्यात घेतलं. पासपोर्टवर राष्ट्रीयत्व जर्मन लिहिलेलं होतं ना. शेजारीच लाल 'जे' होता, तो मात्र त्या रकान्यात बसत नव्हता. चौकशी समिती बसली तेव्हा हळूहळू सुटका झाली.

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय : काका, वरून आदेश आला तर खालच्याने काय करायचं? नोकरी घालवायची? नोकरी जाऊ शकते, ग्रूनिंगरची गेली. पोलंडमध्ये ज्यूला घरात लपवणाऱ्या साध्या शेतकऱ्याला तर देहदंड होता, तेव्हा फुकटचं शौर्य मी कोणाला शिकवणार नाही. पण युद्धानंतरच्या खटल्यांत आरोपींनी 'नाही म्हटलं असतं तर आम्हालाच मारलं असतं' असं म्हटलं, तेव्हा नि:शस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून एखाद्या जर्मनाला देहदंड झाल्याचं एकही उदाहरण बचाव पक्षाला सिद्ध करता आलं नाही. बदली झाली, बढती अडली. ज्यांनी नकार दिला नाही, त्यांचं कसं चाललं? न्यूरेम्बर्ग कायद्यांवर भाष्य लिहिणारे ते ग्लोब्के १९५३ ते १९६३ पश्चिम जर्मनीच्या चान्सलरच्या कार्यालयाचे प्रमुख होते.

माझं मागणं लहान आहे. नवं प्रपत्र टेबलावर आलं की भरण्याआधी त्यातला प्रत्येक रकाना वाचा. ही माहिती कशाला हवी, कोणाकडे जाणार, किती वर्षं ठेवणार, हे टिपणी लिहून विचारा. तोंडी आदेश लेखी मागा. हा तर आपला नियमातला हक्क आहे. जात, धर्म, भाषा, पत्ता असलेली यादी कोणी पेन ड्राइव्हवर 'फक्त बघायला' मागितली तर देऊ नका, मागणारा कितीही ओळखीचा असो. एखाद्या वस्तीतलेच अर्ज परत का जातायत, एकाच ठिकाणचे मृत्यू एकाच कारणाने का येतायत, हे दिसतं फक्त तुम्हाला, कारण कागद एकाशेजारी एक तुमच्याच टेबलावर येतात. दिसलं तर शेरा लिहा, खाली सही करा आणि आजचीच तारीख टाका.

आणि प्रशिक्षण संस्थांना विनंती : वर्तणूक नियमांच्या तासानंतर एक तास ते रुग्णालयांचं प्रपत्र, ते सोळा पानी विवरणपत्र आणि क्रायसिगचं पत्र मुलांपुढे ठेवा. व्याख्यान नको. कागद द्या आणि विचारा, यात तुम्ही कुठे थांबला असता.

कोणाला मतभेद असतील तर अवश्य कळवा, मला वेळच वेळ आहे. फक्त 'आम्ही काय करणार, वरून आलंय' एवढंच कळवायचं असेल तर कागद वाया घालवू नका.

आपला,
एक सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक
(जन्म-मृत्यू नोंदणी)